डब्याच्या टपावरचा एसी

अक्षदाला विंचवाची भीती वाटते, ही गोष्ट तिने सुशांतला सांगायलाच नको होती.

नवऱ्याला भीती सांगितली की तो समजूत काढतो, असं लग्नाआधी वाटतं. सुशांत समजूत काढत नाही, थेट तोडगा काढतो, आणि मग त्या तोडग्यावर तोडगा काढण्यात बायकोचे दिवस जातात. मुळात बाब साधी होती. मे महिन्यात देवगडकडच्या गावी जायचं आणि लेकीचं, मनवाचं, जावळ गावच्या देवळात काढायचं, असा सासूबाईंचा, म्हणजे लक्ष्मीबाईंचा, नवस होता. अक्षदाने त्याला विरोध केला नव्हता. तिने फक्त चौकशी केली होती. गावच्या घराचे वासे बदलायला काढलेत म्हणजे छप्पर नेमकं किती शिल्लक आहे? जिथे शिल्लक नाही तिथून काय काय खाली पडू शकतं? जवळचा डॉक्टर माणसांचा आहे की गुरांचा? सुशांतने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शनिवारी संध्याकाळी ऑफिसातल्या राजेशची कॅरॅव्हॅन घेऊन आला.

"तुला गावच्या खोलीची भीती वाटते ना?" गाडीतून उतरत तो म्हणाला. "मग आपण आपली खोलीच घेऊन जाऊ!"

गाडीच्या मागे जोडून ओढायची ती चाकांवरची पांढरी खोली लालबागच्या गुरुकृपा सोसायटीच्या अंगणात येऊन उभी राहिली. आत दोन पलंग, टीचभर ओटा, बेसिन, आणि टपावर एसी. राजेशने ती महिनाभरासाठी इतक्या प्रेमाने का दिली, याचा अक्षदाला संशय आला होता. त्याच्या सोसायटीने ती पार्किंगमधून ताबडतोब हलवायला सांगितली होती, हे कारण यथावकाश कळलं. लालबागमध्ये कुठल्याही वस्तूला तिचं छापील नाव फार वेळ टिकत नाही. दिवेलागणीच्या आत तिचा 'डबा' झाला होता.

तळमजल्यावरच्या तात्यांच्या खिडकीतून वायर ओढली गेली आणि सुशांतने एसी लावला. राजेशने डबा दाखवला तेव्हा त्याच्याकडे नेमकी लाइट गेली होती. ज्याला एखादी वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारायची असते, त्याच्याकडे लाइट नेहमी वेळेवर जाते. एसीने आधी घसा खाकरला. मग पोटातून हुंकार दिला. मग छत, कपाटाची दारं, ओट्यावरचे पेले आणि सुशांतच्या हातातला चहाचा कप असे सगळे एका सुरात थरथरायला लागले.

आणि मनवा झोपली.

हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे सगळ्या सोसायटीने जो घोळ घातला तो तिला झोपवण्यासाठी घातला. वर्षाची व्हायला आलेली ही मुलगी ढोलताशांच्या सरावाखाली जन्मली होती. तिच्या पाळण्याखालून मिरवणुका गेल्या होत्या. एसी तिच्या गणतीतच नव्हता.

गणतीत होता तो अक्षदाच्या. मनवा झोपली की अक्षदा तिचा श्वास ऐकायची. अधूनमधून नव्हे, सतत. स्वयंपाक करताना मान एका बाजूला कलती करून, फोनवर बोलताना वाक्य मध्येच तोडून. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या बाईला मूल झालं की तिच्यासाठी जगातली एकही वस्तू स्वच्छ उरत नाही, आणि शांततासुद्धा निरोगी वाटत नाही. आत जातोय, बाहेर येतोय, एवढं कानाला समजलं की तिचं काळीज पुढचं काम करायचं. त्या डब्यात मनवा हातभर अंतरावर झोपली होती, आणि तिचा श्वास काही केल्या ऐकू येत नव्हता. अक्षदाने वाकून पाहिलं, बोट नाकाशी धरलं, पुन्हा वाकली. सबंध प्रवास आणि गावची प्रत्येक रात्र अशी वाकून काढायची?

पण हे बोलायचं कोणाकडे? "मला तिचा श्वास ऐकू येत नाही," असं म्हटलं असतं तर सुशांतने स्टेथोस्कोप आणला असता. म्हणून ती म्हणाली, "या आवाजाने मनवा दचकते. आवाज बंद करा. डब्यात दुपारची शांत झोप मिळाली, तरच गावाला. नाहीतर जावळ इथेच काढू."

"बरं," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

सासूच्या 'बरं'चे प्रकार असतात. हे 'बरं' त्यातलं, ज्याच्यानंतर घरात भांडी जरा जोराने घासली जातात.

आता डब्यातल्या आवाजावर सोसायटीत कोणाला काही समजत होतं का? नव्हतं. पण लालबागमध्ये न समजणं हे सल्ला न देण्याचं कारण कधीच नसतं.

पहिला मान तात्यांचा, कारण वीज त्यांची होती. तात्यांनी उभी हयात गिरणीत मागांच्या खात्यात काढलेली. यंत्राची भाषा यंत्रालाही येत नसेल इतकी त्यांना येते, अशी ख्याती. ते डब्यात शिरले. एसी गर्जत होता. तात्या छताखाली उभे राहिले, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "लाव आता."

"लावलाय तात्या!" सुशांत ओरडला.

"खंय आसा आवाज? माका तर काय ऐकाक येणा नाय."

मागांच्या खात्याने तात्यांचे कान केव्हाच ठेवून घेतले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तज्ज्ञ निवडताना कोणाला आठवलं नव्हतं. पण तात्यांनी छताला तळवा लावला आणि त्यांचा चेहरा उजळला. "सैल हा रे मेल्या! बोल्ट सैल! पानो हाड."

पाना आला. तात्यांनी एसीचे बोल्ट असे आवळले की डब्यानेच कण्हल्यासारखा आवाज केला. टप आणि एसी यांच्यामध्ये रबराची एक जाड कडी होती. यंत्राचे धक्के छतापर्यंत पोचू नयेत, एवढंच तिचं काम. ती चेपून पापडासारखी झाली. त्यामुळे आजवर फक्त छतात थरथरणारा एसी आता भिंतींत, पलंगात आणि बसणाऱ्याच्या दाढांमध्ये थरथरू लागला. तात्यांनी पुन्हा तळवा लावला. "आता कसो घट्ट बसलो!" ते समाधानाने म्हणाले आणि जेवायला गेले.

चौथ्या मजल्यावरच्या सुमेधाचं म्हणणंच वेगळं. "अगं, लोक असा आवाज मुद्दाम लावतात! आमच्या वरदला मी विमानाच्या आवाजावर वाढवलाय. यूट्यूबवर आहे बघ, विमानाच्या पोटातला आवाज, मध्ये ॲड्स नाहीत. आणि तुला फुकट मिळतोय तर तू बंद करायला निघालीस? तू ना, जरा जास्तच विचार करतेस हं अक्षदा."

जरा जास्तच विचार करतेस, हे वाक्य अक्षदाला बाळंतपणापासून इतक्या जणांनी ऐकवलं होतं की त्यावरही तिने बराच विचार केला होता. ती हसली. सुशिक्षित बाईला अपमान झाल्यावर हसावं लागतं, हा शिक्षणाचा एक तोटा.

मग सेक्रेटरी चिंतामणी आले. चिंतामणींचा आक्षेप आवाजाला नव्हता, वर्गवारीला होता. "सुशांत, मला एकच सांग. हे वाहन आहे की बांधकाम? वाहन असेल तर दुसऱ्या गाडीचा पार्किंगचा ठराव लागेल. बांधकाम असेल तर वॉर्ड ऑफिस."

"चाकं आहेत की काका."

"चाकं आहेत, पण बेसिनपण आहे. बेसिन असलेलं वाहन माझ्या बघण्यात नाही."

चिंतामणी खरोखर वॉर्ड ऑफिसला जाऊन आले. तिथल्या माणसाने फोटो बघून सांगितलं की चाकं आहेत तोवर आमचा संबंध नाही, आरटीओला विचारा. आरटीओतला एजंट म्हणाला की चालत नाही तोवर आमचा संबंध नाही, सोसायटीला विचारा. सोसायटी म्हणजे चिंतामणीच. त्यांनी स्वतःला विचारलं, समाधानकारक उत्तर आलं नाही, म्हणून फलकावर सूचना लावली: 'अंगणातील वस्तूबाबत विचार चालू आहे.' अक्षदा जाता-येता ती सूचना वाचायची आणि आपण स्वतःच ती वस्तू असल्यासारखी अंग चोरून जिन्यात शिरायची.

या टप्प्यावर प्रकरण थांबलं असतं. पण अनिशला राहवलं नाही.

अनिश हा गल्लीतल्या मंडळाचा सजावटप्रमुख. मे महिन्यात सजावटप्रमुखाला काम नसतं, आणि काम नसलेल्या सजावटप्रमुखाइतकी धोकादायक गोष्ट लालबागमध्ये दुसरी नाही. "वहिनी, आवाज दाबायचाय ना? सोप्पंय. एसीवर खोका बसवतो. बाहेरून प्लायवूड, आतून फोम. गेल्या वर्षीचं सामान पडलंय गोडाऊनला. संध्याकाळपर्यंत टकाटक!"

"साधा खोका हं," अक्षदा म्हणाली.

"एकदम साधा."

अनिशचा हेतू शुद्ध होता. पण गेल्या वर्षी मंडळाने केला होता देखावा मंदिराचा. सामान मंदिराचं, हात मंडळाचे. त्या हातांना साधा खोका येतच नाही. संध्याकाळी अक्षदा मनवाला घेऊन खाली आली तेव्हा डब्याच्या टपावर शिखर उभं होतं. चारी बाजूंना कमानी, कमानींवर महिरप, वर सोनेरी कळस.

"अनिश, हे काय?"

"खोका वहिनी."

"याला कळस आहे!"

"मग काय असाच उघडाबोडका ठेवायचा? बरं दिसतं का ते? लोक म्हणतील, अनिशने काम उरकलं."

एक मात्र कबूल करायला हवं. आवाज दबला. एसी लावला तर गुणगुणल्यासारखं काहीतरी दुरून यायचं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर परीक्षा ठरली. सुरमई आणि सोलकढी पोटात असताना लालबागमध्ये कोणीही कसलीही परीक्षा देऊ शकतं, फक्त ती झोपेची असावी. एका पलंगावर लक्ष्मीबाई, दुसऱ्यावर मनवा आणि अक्षदा, खाली चटईवर सुशांत. शांतता झाली. अक्षदाने मान कलती केली, श्वास रोखला, आणि ऐकू लागली.

आधी तिला सुशांतचं घोरणं ऐकू आलं. मग सासूबाईंचं. सुशांत खर्जात होता, लक्ष्मीबाई वरच्या पट्टीत. दोघांचं घोरणं एकमेकांना जागा देत, समेवर येत चाललं होतं. आजवर एसीने हे झाकून ठेवलं होतं, आणि आपण त्या बिचाऱ्यालाच बोल लावत होतो, असं अक्षदाच्या मनात येऊन गेलं. मनवाचा श्वास त्या जुगलबंदीत कुठेच नव्हता. ती वाकणार एवढ्यात एसी बंद पडला. यंत्राला गरम हवा बाहेर टाकायला जागा लागते. शिखरात ती कोणी ठेवली नव्हती. बघता बघता डब्याची भट्टी झाली, मनवा घामाघूम होऊन उठली आणि तिने जे भोकाड पसरलं, ते मात्र सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

अक्षदा तिला घेऊन बाहेर धावली, तर बाहेर भलतंच चाललेलं. एसीचं साचलेलं पाणी पुढच्या कमानीतून बारीक धारेने पडत होतं, आणि शेजारच्या इमारतीतल्या एक आजी त्या धारेखाली ओंजळ धरून उभ्या होत्या.

"आजी, नको! पिऊ नका! ते एसीचं पाणी आहे, त्यात जंतू असतात!"

आजींनी तिच्याकडे फार दयेने पाहिलं, ओलं बोट डोळ्यांना लावलं आणि मनवाच्या कपाळालाही लावलं. अक्षदा मनवाला घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या घरापर्यंत धावत गेली आणि तिचं कपाळ साबणाने धुतलं. परत खाली येईपर्यंत आजींच्या मागे दोघं उभे होते. लालबागमध्ये रांगेला कारण लागत नाही. एकाच्या मागे दुसरा उभा राहिला की तिसरा येऊन विचारतो, "किती वेळ लागतोय?" संध्याकाळी डब्याच्या पायरीवर जास्वंद होती. कोणीतरी पणती ठेवली होती. कोणाच्या तरी मोबाइलवरून फोटो गेले. राजेशचा सुशांतला मेसेज आला, सोबत जोडलेले हात: 'कुठे आहे रे हे? घरच्यांना घेऊन जाऊन यायला हवं.' स्वतःचा डबा त्याने ओळखला नव्हता. सुशांतने 'कळवतो' एवढंच लिहिलं आणि फोन उलटा ठेवला.

चिंतामणी डोकं धरून बसले. "परवापर्यंत हे वाहन होतं. काल बांधकाम झालं. आज देऊळ! मी कुठल्या फाइलला लावू?"

"काका, काढून टाकू या ना ते," अक्षदा म्हणाली.

"काढू? तू काढशील? मी काढू? आता हात लावला तर लोक काय म्हणतील? वाहन हलवता येतं बाळा, बांधकाम पाडता येतं. पण कळस?"

"आणि या उंचीने हायवेला सोडणार नाहीत," सुशांतने माहिती पुरवली. तो हल्ली फक्त माहिती पुरवत असे.

गावाला जायची तारीख तोंडावर आली होती. लक्ष्मीबाई गावाला न्यायची पिशवी रोज थोडी भरत आणि रोज थोडी रिकामी करत. माझ्या एका भीतीपायी नातीचं जावळ, सासूचा नवस, अख्खी सोसायटी आणि एक देव अडकून पडलेत, असं अक्षदाला वाटलं. आणि ती भीती तर अजून कोणाला सांगितलेलीसुद्धा नव्हती.

तोडगा शेवटी मंडळानेच काढला. दहा दिवस देव आणून अकराव्या दिवशी त्याला रीतसर निरोप द्यायचा, याचा अनुभव या वस्तीइतका कोणाला असणार? "उत्तरपूजा करू," अनिश म्हणाला. "उत्तरपूजा झाली की कुठलंही मखर उतरवता येतं. कोणाच्या भावना दुखत नाहीत. उलट प्रसाद मिळतो."

चिंतामणी सोसायटीचा सत्यनारायण सांगत, त्यांनी सोवळं नेसलं. पोथी उघडताच त्यांचा चेहरा कित्येक दिवसांनी निवळला, कारण इथे वर्गवारी स्पष्ट होती. एसीवर अक्षता पडल्या. तात्यांनी नारळ फोडला. सुमेधाने आरतीचा व्हिडिओ काढला. शेवटी चिंतामणींनी खणखणीत आवाजात 'पुनरागमनाय च' म्हटलं, आणि अक्षदाने मनातल्या मनात हात जोडून सांगितलं, नको, एवढं नाही केलंत तरी चालेल. शिखर उतरवलं. मंडळ म्हटल्यावर ते वाजत-गाजतच गोडाऊनला गेलं. तात्यांनी बोल्ट ढिले केले, नवी रबरी कडी बसली, आणि एसी लावताच त्याने घसा खाकरून, हुंकार देऊन, पहिल्या दिवशी होता तेवढाच आवाज केला. इतक्या जणांच्या कष्टाने सगळं होतं तिथे येऊन पोचलं होतं.

"चल," लक्ष्मीबाई म्हणाल्या. भर दुपार होती. त्यांनी मनवाला कडेवर घेतलं, अक्षदाला डब्यात घातलं आणि सुशांतला दारातच अडवलं. "तू भायर रव. घोरतंस."

दार लागलं. एसी गर्जत होता. मनवा थोडी लोळली, पाय तोंडात घातला, आणि झोपली. अक्षदा वाकली. बोट नाकाशी धरलं. सरळ झाली. पुन्हा वाकली.

"ती दचकत नाय," लक्ष्मीबाई ओरडून म्हणाल्या. त्या आवाजात ओरडल्याशिवाय इलाजच नव्हता. "पयल्या दिवसापासून बघतंय. ती खंय दचकता? तूच दचकतंस. काय झाला ता सांग."

काही गोष्टी हळू आवाजात सांगताच येत नाहीत, आणि मोठ्याने सांगायची वेळ कधी येत नाही. अक्षदा सासूच्या कानाशी ओरडली, "मला तिचा श्वास ऐकू येत नाही!"

लक्ष्मीबाई हसतील असं तिला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"माका सुशांतचो कधीच ऐकाक इलो नाय," त्या म्हणाल्या. "चाळीत आमच्या भिंतीपलीकडे गिरणी. तीन पाळ्ये. पोर रडला तरी तोंड उघडलेला दिसायचा, मग समजायचा."

"मग तुम्ही काय करायचात?"

"मी घाबरायचंय. दुसरा काय? पण सांगतलंय कोणाक? सासवेक?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग लक्ष्मीबाईंनी अक्षदाचा हात धरला आणि मनवाच्या पोटावर ठेवला. पोट वर आलं, हात वर आला. पोट खाली गेलं, हात खाली गेला. कानाला यातलं काही कळत नव्हतं. हाताला सगळं कळत होतं.

"आणि मला झोप लागली तर?"

"हात निजत नाय गो. आपण निजतो."

यात वैद्यकीय तथ्य कितपत, हा प्रश्न अक्षदाच्या मनात आला. त्याच्यामागून येणारा प्रश्न मात्र वाटेतच कुठेतरी राहिला.

पुढचं सगळं तिला नंतर कळलं, प्रत्येकाकडून वेगवेगळं. अंगणात निकालाची वाट बघत सगळे उभे होते. चिंतामणी फलकावरची सूचना फाडायची की ठेवायची या विचारात, अनिश 'अजून एक आयडिया आहे' म्हणत, तात्या खुर्ची टाकून. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि लक्ष्मीबाई बाहेर आल्या. त्यांच्या कडेवर मनवा होती. टक्क जागी, हातात आजीचं मंगळसूत्र.

"अरेरे," सुमेधा म्हणाली. "उठली?"

"म्हणजे नाही ना झोपली?" सुशांतचा चेहरा पडला. "रद्द?"

"चेडवाचा काय घेऊन बसलंस," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "तिची आवस, आपली अक्षदा, निजलीहा. वर्षभरान पयल्यांदा अशी निजलीहा. कोणी आवाज करू नकात."

सुशांतने तोंडावर हात ठेवला. चिंतामणींनी चपला काढून हातात घेतल्या. तात्यांनी विचारलं, "काय म्हणता ती?" आणि चौघांनी एकदम ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. वर एसी पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता, आणि त्याच्याखाली अख्खी सोसायटी, गावाला किती वाजता निघायचं ते एकमेकांच्या कानात कुजबुजत होती.